बंद झरोके उघडताना

१९६५ सालच्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओच्या बॉनेटवर मधोमध एक बुटका उंचवटा होता. त्याचं तोंड पुढे होतं. पाहणाऱ्याला वाटे, समोरची हवा इथून शिरून थेट इंजिनाला मिळत असणार. पण ते तोंड बंद होतं. खाली ६.४ लीटरचं व्ही-८ इंजिन, त्यावर हवेसाठी आसुसलेले तीन कार्ब्युरेटर, आणि त्यांच्या डोक्यावर निव्वळ शोभेचा स्कूप. त्याच मोसमात पॉन्टिअ‍ॅकच्या डीलरांकडे एक संच मिळू लागला. त्यात कार्ब्युरेटरांभोवती बसणारं पत्र्याचं तबक होतं, बॉनेट मिटल्यावर तबक आणि बॉनेट यांच्यातली फट बुजवणारा गास्केट होता. संच बसवून स्कूपचं तोंड मोकळं केलं, की कारखान्यातून शोभेचा म्हणून आलेला स्कूप बाहेरची थंड हवा आत घेऊ लागे.

स्पोर्ट्‌स कारवरचे दिखाऊ झरोके खरे करता येतात का, हा प्रश्न आज नव्या गाड्यांच्या बंपरकडे पाहून विचारला जातो. बंपरच्या कोपऱ्यात काळी जाळी असते, बोट लावलं तर मागे नुसतं प्लास्टिक लागतं. जीटीओच्या संचाने या प्रश्नाला फार पूर्वीच उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तराची मर्यादाही दाखवली होती. तो स्कूप इतका बुटका होता की गाडीच्या पत्र्याला चिकटून रेंगाळणारा हवेचा थरच बहुतेक त्याच्या वाट्याला येई. वेगाने वाहणारी हवा त्याच्या वरून निघून जाई. मालकाला फायदा झाला तो थोड्या थंड हवेचा आणि इंजिनाच्या वाढलेल्या गर्जनेचा. भोक खरं झालं होतं, पण ते होतं चुकीच्या उंचीवर.

भोक आणि वाट

वारा भोक दिसलं म्हणून आत शिरत नाही. तो जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. घराचं पुढचं दार उघडून मागचं बंद ठेवलं, तर बाहेर कितीही वारा असो, आत तो खेळत नाही. गाडीचंही तसंच आहे. झरोक्याला तीन गोष्टी लागतात: बाहेर योग्य दाब, आत मोकळी वाट, आणि वाटेच्या दुसऱ्या टोकाला दाबात पुरेसा फरक. यातली एक जरी नसली, तरी झरोका उघडूनही उपयोग होत नाही.

हा दाब किती असतो, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने करता येतो. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलो धरली, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या नाकावर, जिथे हवा पूर्ण थांबते तिथे, सुमारे ४६० पास्कल जादा दाब तयार होतो. पाण्याच्या स्तंभात मोजला तर तो ४७ मिलीमीटर भरेल. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरला तो एक-चतुर्थांश होतो, ताशी २०० ला चौपट.

४६० पास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्कासुद्धा नव्हे. म्हणून ‘हवा कोंबून इंजिनाची ताकद वाढते’ हा स्कूपबद्दलचा लाडका समज रस्त्यावरच्या वेगाला फारसा खरा ठरत नाही. खरा फायदा तापमानाचा आहे. बॉनेटखाली ६० अंशांवर तापलेली हवा आणि बाहेरची ३० अंशांची हवा यांच्या घनतेत सुमारे १० टक्क्यांचा फरक असतो. इंजिनाला थंड हवा मिळाली की त्याच आकारमानात जास्त प्राणवायू मिळतो. पॉन्टिअ‍ॅकच्या संचात गास्केटला महत्त्व होतं ते याचसाठी. तो नसता, तर पुढून आलेली थंड हवा बॉनेटखालच्या गरम हवेत मिसळून गेली असती.

गाडीच्या अंगावरचा दाबाचा नकाशा

धावत्या गाडीच्या अंगावर दाब सगळीकडे सारखा नसतो. नाकावर तो सर्वांत जास्त असतो. नाक ओलांडून हवा बॉनेटवर वळते, तेव्हा तिचा वेग वाढतो आणि बॉनेटच्या पुढच्या भागात दाब वातावरणापेक्षाही खाली जातो. पुढे सरकत ती समोरच्या काचेच्या पायथ्याशी येते, तिथे तिला पुन्हा वर चढावं लागतं, ती मंदावते आणि दाब वाढतो. छपराच्या वळणावर तो पुन्हा घटतो. चाकांच्या कमानीत फिरतं चाक आणि खालून घुसलेली हवा यांमुळे दाब साचून राहतो, तर कमानीच्या लगेच मागे, गाडीच्या बाजूवर, तो कमी असतो.

हा नकाशा कळला, की कुठला नकली झरोका उघडण्यासारखा आहे आणि कुठला बंदच बरा, हे बरंचसं ठरतं. काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, हे शेवरलेच्या अभियंत्यांनी १९६९च्या कॅमॅरोमध्ये छान वापरलं. ‘काउल इंडक्शन’ नावाच्या त्या बॉनेटचा उंचवटा उलटा, म्हणजे काचेकडे तोंड करून होता. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की आतली झडप उघडे आणि काचेपाशी साचलेली थंड हवा कार्ब्युरेटरकडे जाई. हीच जागा गरम हवा बाहेर काढायला मात्र कुचकामी आहे. बॉनेटच्या मागच्या कडेखाली वॉशर घालून ती थोडी उचलायची, म्हणजे इंजिन थंड राहील, हा हौशी मंडळींचा जुना उपाय आहे. सिग्नलला गाडी उभी असताना त्या फटीतून वाफा वर येताना दिसतात, त्यामुळे उपाय पटतोही. वेग धरला की त्याच फटीतून हवा आत यायला लागते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेची बाहेर जायची वाट आणखी अडते.

गरम हवा काढायची असेल, तर जागा हवी बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या भागात. २०१४च्या शेवरले कॉर्व्हेट स्टिंगरेमध्ये रेडिएटरमधून आलेली हवा बॉनेटवरच्या झरोक्यातून वर सोडली आहे. ती खाली कोंडली असती तर गाडीचं नाक उचलायला मदत करती. वर सोडल्यामुळे पुढच्या चाकांवरची उचल कमी होते. थंडावा आणि पकड, दोन्ही एकाच उघड्या तोंडातून साधलं.

सुप्राचे झरोके

या चर्चेतलं आजचं सर्वांत गाजलेलं उदाहरण आहे टोयोटा जीआर सुप्रा. जानेवारी २०१९ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात ती समोर आली. बीएमडब्ल्यूच्या झेड-४ बरोबर तिचा सांगाडा विकसित झाला, तीन लीटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन बीएमडब्ल्यूचं, आणि जुळणी ऑस्ट्रियातल्या ग्राट्‌स शहरात मॅग्ना श्टायरच्या कारखान्यात. तिचं रूप मात्र टोयोटाने २०१४ मध्ये डेट्रॉइटलाच दाखवलेल्या एफटी-१ या कल्पनाचित्र गाडीवरून आलं होतं, आणि त्या रूपाबरोबर झरोकेही आले. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, हेडलाइटच्या शेजारी, पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत, दारांवर, मागच्या दिव्यांजवळ. रस्त्यावरच्या गाडीत यांतले बरेच बंद होते.

टीका झाली, तेव्हा मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी त्यामागचा हेतू सांगितला. या जागा मुद्दाम राखून ठेवल्या आहेत. शर्यतीसाठी गाडी तयार करणाऱ्याला टोपणं काढून त्या वापरता येतील, असा त्यांचा खुलासा होता. हा दावा एकेका झरोक्यापाशी थांबून तपासायला हवा, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

बॉनेटवरचे झरोके घ्या. इथे तादांचं म्हणणं टिकतं. बॉनेटखाली गरम इंजिन आहे, टर्बो आहे, रेडिएटरमधून येणारी हवा आहे. वर दाब कमी, खाली जास्त. प्लास्टिकचं टोपण काढून तिथे उघडी जाळी बसवली, तर हवेला निघायला खरी वाट मिळते. म्हणूनच सुप्रासाठी उघड्या झरोक्यांचे सुटे भाग बाजारात आले.

पुढच्या बंपरचे कोपरे हीही उपयोगाची जागा. नाकाजवळ असल्याने दाब भरपूर, आणि मागे हाताच्या अंतरावर पुढचं चाक. इथून ब्रेककडे हवा नेता येते. त्यासाठी नुसती जाळी कापून मात्र चालत नाही. उघड्या तोंडामागे नळी नसेल, तर हवा बंपर आणि मडगार्डच्या पोकळीत शिरून तिथेच घुटमळते आणि गाडीला मागे खेचते. शर्यतीच्या गाड्यांत साधारण ७५ मिलीमीटर व्यासाची, उष्णता सोसणारी नळी बंपरपासून थेट ब्रेकच्या डिस्कच्या मध्याशी नेलेली असते. मध्याशीच का? आतून पोकळ, पंख असलेली डिस्क स्वतःच पंप असते. फिरताना ती मध्यातून हवा ओढते आणि कडेने फेकते. नळीचं तोंड डिस्कच्या बाहेरच्या अंगावर रोखलं, तर एकच बाजू थंड होते, आणि धातू दोन बाजूंनी वेगवेगळा तापणं डिस्कला मानवत नाही.

दारांवरच्या झरोक्यापाशी आशा संपते. बाहेरून पाहता तो मागच्या चाकाला किंवा ब्रेकला हवा देत असावा, असं वाटतं. पण तो दारावर आहे. दाराच्या आत काच खाली उतरते, ती वर-खाली करणारी यंत्रणा असते, कुलूप असतं, अपघातात धक्का झेलणारी पोलादी दांडी असते. तिथून हवा मागच्या ब्रेकपर्यंत न्यायची, तर दार आणि गाडीचं अंग यांच्यातली उघडझाप होणारी फट ओलांडावी लागेल, तीही हवाबंद जोडासकट, आणि मग मागचा बंद पत्रा कापावा लागेल. एवढं करणाऱ्याने झरोका उघडला असं म्हणता येणार नाही. त्याने गाडीची बाजू नव्याने बांधलेली असेल.

हा अडथळा कसा ओलांडायचा, ते १९८४ मध्ये पॅरिसला आलेल्या फेरारी टेस्टारोसामध्ये दिसतं. तिच्या आधीच्या ५१२ बीबीमध्ये रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे होतं. गरम पाण्याच्या नळ्या प्रवाशांच्या जवळून जात आणि गाडी आतून तापे. टेस्टारोसात रेडिएटर मागच्या चाकांपुढे, दोन्ही बाजूंना नेले. त्यांना हवा द्यायला बाजूंना मोठी तोंडं लागली. इतकी मोठी उघडी तोंडं काही देशांच्या नियमांत बसेनात, म्हणून त्यांच्यावर आडव्या पट्ट्या आल्या. त्या पट्ट्या दारावरून सुरू होतात. हवा आत घेणारं तोंड दाराच्या मागे, न हलणाऱ्या भागात आहे. पुढे पट्ट्यांची नक्कल असंख्य गाड्यांवर आणि प्लास्टिकच्या चिकटपट्ट्यांवर झाली, रेडिएटर मात्र त्यांच्यामागे नव्हता.

चाकांच्या कमानी

सर्वांत कमी कौतुक होणारी आणि तरी उघडायला सर्वांत योग्य जागा पुढच्या चाकामागची. कमानीत साचलेला दाब गाडीला वर उचलतो. तिथली हवा बाजूने किंवा वरून बाहेर सोडली, तर ती उचल घटते आणि ब्रेकची गरम हवाही निघून जाते. पोर्शच्या ९११ जीटी३ आरएसवर पुढच्या मडगार्डच्या माथ्यावर ज्या आडव्या फटी दिसतात, त्या याच कामासाठी आहेत. ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीतल्या प्रोटोटाइप गाड्यांना २०१२ पासून कमानींवर अशी उघडी तोंडं ठेवणं सक्तीचं झालं. घसरून आडवी झालेली गाडी हवेत उडू नये, हा त्या नियमाचा उद्देश होता.

रस्त्यावरच्या गाडीत इथे नकली झरोका असेल, तर काम दोन टप्प्यांचं असतं. बाहेरचं प्लास्टिक मोकळं करायचं आणि कमानीच्या आतलं अस्तर त्याच जागी कापायचं. दुसरा टप्पा विसरला तर बाहेरून झरोका उघडा दिसतो आणि आत काहीच बदलत नाही. अस्तर कापल्यावर चाकाने उडवलेले खडे आणि चिखल कुठे जातील, याचा विचारही तिथेच करावा लागतो. वायरींचे जुडगे आणि धुण्याच्या पाण्याची टाकी अनेक गाड्यांत त्याच पोकळीत असते.

मागच्या बाजूचा झरोका असाच आणखी एक. तो मागच्या बंपरमध्ये अडकलेल्या हवेला वाट देऊ शकतो, त्याने खेच थोडी घटते. आत थंड करण्यासारखं मात्र तिथे सहसा काही नसतं.

शोभेचं खरं करण्याचा सुबक नमुना फोर्ड मस्टँगच्या इतिहासात आहे. १९६५च्या मस्टँगच्या बाजूला, मागच्या चाकापुढे, हवा घेणाऱ्या तोंडाचा नुसता आकार होता. कॅरोल शेल्बी यांच्या कंपनीने १९६६च्या जीटी३५० मध्ये त्याच भागात खरे स्कूप बसवले आणि त्यांतली हवा मागच्या ड्रम ब्रेककडे वळवली. तोंड न हलणाऱ्या पत्र्यावर होतं, ब्रेक लगतच होता, वाट आखूड होती. म्हणून ते जमलं.

कारखाने ते बंद का ठेवतात

नकली झरोक्यांचा उगम शर्यतीत नाही. १९४९च्या ब्युइकच्या मडगार्डवर ओळीने गोल भोकं आली, तेव्हा ती आकर्षणाची खूण होती. डिझायनर नेड निकल्स यांनी आधी स्वतःच्या गाडीला तशी भोकं पाडून आत दिवे बसवले होते, ते इंजिनाच्या ठिणग्यांबरोबर लुकलुकत. कंपनीच्या वरिष्ठांना कल्पना आवडली आणि महागड्या रोडमास्टरला दोन्ही बाजूंना चार-चार, इतर मॉडेलांना तीन-तीन भोकं मिळाली. मोजून गाडीची पायरी ओळखता येई.

आजची कारणं जास्त गुंतागुंतीची आहेत. एकच बंपर साध्या आणि ताकदवान अशा दोन्ही मॉडेलांना वापरायचा असतो. ताकदवान मॉडेलला जादा रेडिएटर लागतो, साध्याला नाही, म्हणून त्याची जाळी मागून बंद केली जाते. उंच आणि जाड झालेल्या बंपरचा सपाट प्लास्टिकचा भाग डोळ्यांना जड वाटतो, तिथे काळी जाळी त्याचे तुकडे पाडते. आणि हवा आत घेणारं प्रत्येक उघडं तोंड हवेचा रोध वाढवतं. आत शिरलेली हवा रेडिएटर, नळ्या आणि पोकळ्यांतून ठेचकाळत जाते, त्याची किंमत इंधनात मोजावी लागते. म्हणून तर आता अनेक गाड्यांच्या खऱ्या जाळीमागेही आपोआप मिटणारी पानं असतात. थंडाव्याची गरज नसली की ती बंद होतात.

शिवाय पाऊस. बॉनेटवरचं उघडं तोंड म्हणजे इंजिनाच्या वायरींवर, अल्टरनेटरवर आणि हवेच्या फिल्टरवर थेट पाणी. २०२०च्या फोर्ड शेल्बी जीटी५०० मध्ये बॉनेटवरचा झरोका सुमारे ७९ बाय ७१ सेंटीमीटरचा आहे. त्याच्याखाली पावसाचं पाणी झेलणारं तबक बसवलेलं असतं. शर्यतीच्या मैदानावर ते काढायचं, म्हणजे हवा पूर्ण मोकळी होते. रस्त्यावर येताना परत लावायचं. घरी बॉनेट कापणाऱ्यालाही असं तबक करून घ्यावं लागतं. बॉनेटच्या आतल्या बाजूच्या फासळ्या कापल्या, तर वेगात बॉनेट थरथरतं आणि पादचाऱ्याला धडक बसल्यावर ते ज्या पद्धतीने दबायला हवं, तसं दबत नाही. या फासळ्यांना हात न लावता जेवढं उघडता येईल, तेवढंच उघडावं.

खरा स्कूप कसा असतो, हे पाहायला महाराष्ट्रातल्या वाचकाला लांब जायला नको. २००९ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या पिढीच्या टोयोटा फॉर्च्युनरच्या तीन लीटरच्या डिझेल गाडीचं बॉनेट उघडून पाहिलं, की स्कूपच्या बरोबर खाली, इंजिनाच्या डोक्यावर, इंटरकूलर बसवलेला दिसतो. टर्बोने दाबलेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी तिथे थंड होते. भारतात गाडीला बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवावं लागतं. नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल त्या कलमाने मना आहे. म्हणून पत्रा कापण्याआधी आरटीओकडे विचारणं शहाणपणाचं.

कापण्याआधी मोजणं

झरोका चालेल की नाही, हे प्लास्टिकला करवत लावण्याआधी कळू शकतं, आणि त्याला वायुबोगदा लागत नाही. लोकरीचे बोटभर तुकडे चिकटपट्टीने झरोक्याच्या आसपास लावायचे, शेजारून दुसऱ्या गाडीतून त्यांचं चित्रीकरण करायचं. हवा सरळ वाहत असेल तिथे धागे मागे झोपतात. जिथे ते भिरभिरतात किंवा पुढे वळतात, तिथे प्रवाह तुटलेला असतो आणि हवा आत घेणारं तोंड तिथे निरुपयोगी ठरतं.

दुसरी चाचणी दाबाची. दोन बारीक नळ्या घ्यायच्या. एकीचं तोंड झरोक्याच्या बाहेरच्या अंगावर, दुसरीचं आतल्या पोकळीत. दोन्हींची मागची टोकं रंगीत पाणी भरलेल्या यू आकाराच्या पारदर्शक नळीला जोडायची. ताशी १०० किलोमीटरला पाण्याच्या दोन पातळ्यांत १० मिलीमीटरचा फरक दिसला, तरी ती जागा चांगली आहे. फरक नसेल, तर तिथे कितीही सुंदर जाळी बसवली तरी हवा हलणार नाही. आणि फरक उलट्या दिशेने दिसला, तर हवा बाहेर काढायला म्हणून उघडलेला झरोका ती आत घेईल. वाचन सोबत्याने करावं, चालकाने नजर रस्त्यावरून काढू नये. वेगाची चाचणी मैदानावरच झालेली बरी.

उघडल्यानंतरची तपासणी तापमानाची. ब्रेकच्या कॅलिपरवर तापमान दाखवणाऱ्या रंगपट्ट्या मिळतात, इंजिनाच्या पाण्याचं आणि तेलाचं तापमान गाडीच्या संगणकातून वाचता येतं. त्याच रस्त्यावर, त्याच हवेत, उघड्या आणि चिकटपट्टीने बंद केलेल्या झरोक्यानिशी आकडे घेतले की फरक समोर येतो.

कारखान्यांनीही हा धडा घेतलेला दिसतो. तादा यांच्याच देखरेखीखाली २०१२ मध्ये आलेल्या पहिल्या टोयोटा ८६ च्या पुढच्या मडगार्डवर झरोक्याच्या आकाराचा बंद तुकडा होता. पुढच्या पिढीच्या जीआर ८६ मध्ये त्या जागी चाकाच्या कमानीतून हवा सोडणारं खरं तोंड आलं. होंडाच्या २०१७च्या सिव्हिक टाइप आरच्या बंपरांवर मोठ्या आकाराच्या बंद जाळ्या होत्या आणि त्यांवर भरपूर टीका झाली. २०२२ मध्ये आलेल्या तिच्या पुढच्या पिढीत मागच्या बंपरवरच्या त्या जाळ्या गेल्या. बॉनेटवर रेडिएटरची गरम हवा काढणारा झरोका आणि पुढच्या चाकांमागे कमानीतली हवा काढणारी तोंडं राहिली. दारं दोन्ही गाड्यांची साधी, झरोक्याविना आहेत.